नकाशावरची रेघ : नान्नज आणि कलहारी

मागच्या भागात आपण लोंगेवाल्याला होतो, डिसेंबर १९७१च्या त्या रात्री. आजही कोरडा मुलूखच आहे, पण रणगाडे नाहीत. आज एक पक्षी आहे आणि नकाशावर ओढलेल्या दोन रेघा आहेत. एक रेघ १९६१ साली आफ्रिकेच्या दक्षिणेला ओढली गेली, दुसरी १९७९ साली आपल्या सोलापूर-नगरकडे. या दुसऱ्या रेघेच्या आत माझ्या वडिलांची अकरा एकर जमीन होती. तेव्हा मी काही तटस्थ साक्षीदार नव्हे, हे आधीच सांगून टाकतो.

सुरुवात आफ्रिकेतून करू. माझी मुलगी आणि जावई काही वर्षं बोट्स्वानाची राजधानी गाबोरोनला होते. जावई हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या एका कारखान्यात हिशेब बघायचा. २०१८च्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघं तिकडे गेलो, आणि जावयानं विचारलं, "बाबा, हत्ती बघायचे की वाळवंट?" जन्म मोहोळ तालुक्यातला आणि नोकरीतली अर्धी वर्षं राजस्थानात गेलेली. मी वाळवंट म्हणालो. सौभाग्यवतींनी माझ्याकडे असं पाहिलं, की त्याचं वर्णन नको.

सेंट्रल कलहारी गेम रिझर्व्ह. क्षेत्रफळ सुमारे ५२,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या आख्ख्या पंजाबपेक्षा थोडं जास्तच. आत डांबरी रस्ता नाही, पेट्रोल पंप नाही, दुकान नाही. राकोप्स नावाच्या गावाकडून वाळूच्या वाटेनं मात्स्वेरे गेटला पोचायचं, तिथे नोंद करायची आणि पुढे पाणी, डिझेल, लाकूड सगळं आपलं आपण. फौजेत आम्ही रेकीला निघताना जसा हिशेब करायचो, माणशी किती लिटर आणि गाडीला किती, तसाच इथेही. थरमध्ये वाळूचे डोंगर असतात, कलहारीत सपाट वाळूवर गवत असतं. पिवळं, गुडघाभर, क्षितिजापर्यंत. मधूनच एखादी मेलेली नदी लागते. 'डिसेप्शन व्हॅली' म्हणतात ती त्यातलीच, हजारो वर्षांपूर्वी वाहत होती, आता नुसता खोलगट पट्टा उरलाय. दुपारच्या उन्हात दुरून तिथे पाणी आहे असं वाटतं, म्हणून नाव डिसेप्शन. मृगजळ!

आमच्याबरोबर तिथलाच एक वाटाड्या होता, चाळिशीचा. मला तो 'रा' म्हणायचा, सेत्स्वाना भाषेत वडीलधाऱ्या पुरुषाला तसं म्हणतात. तो ग्वी लोकांपैकी. पुस्तकांतून ज्यांना 'बुशमेन' किंवा 'सान' म्हणतात आणि बोट्स्वानाचं सरकार 'बसारवा' म्हणतं, त्यांच्यातली ही एक जमात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं गाडी थांबवली आणि बोटानं दाखवलं. गवतातून एक भलाथोरला पक्षी पावलं मोजत चालला होता. मान सरळ, चोच किंचित वर, घाई कसली ती नाही. तपासणीला आलेला ब्रिगेडिअर असाच चालतो.

"कोरी बस्टर्ड," तो म्हणाला. बोट्स्वानाचा राष्ट्रीय पक्षी.

मंडळी, माझ्या अंगावर काटा आला. कारण हा पक्षी मी लहानपणी पाहिला होता, आमच्या माळावर. म्हणजे हाच नव्हे, याचा भाऊ. माळढोक आणि कोरी एकाच कुळातले, शास्त्रज्ञ दोघांना 'आर्डिओटिस' याच नावाखाली घालतात. तोच ताठा, तीच काळी टोपी, उंची साधारण मीटरभर. नराचं वजन पंधरा किलोच्या आसपास जातं, आणि एवढं वजन घेऊन तो उडतो. आमच्याकडची म्हातारी माणसं त्याला 'हूम' म्हणायची, त्याच्या घुमण्यावरून. राजस्थानात तोच गोडावण.

त्या रात्री शेकोटीपाशी वाटाड्याला मी आमच्या माळढोकाची गोष्ट सांगितली, आणि त्यानं मला या रिझर्व्हची. दोन्ही गोष्टी इतक्या एकमेकींत बसल्या की परत आल्यावर मी दिल्लीतली वाचनालयं पालथी घातली. आजचा भाग त्यातून आलाय.

१९५८ सालची गोष्ट. बोट्स्वाना तेव्हा बेचुआनालँड होतं, ब्रिटिशांच्या संरक्षणाखालचं. जॉर्ज सिल्बरबाउअर नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याला तिथे 'बुशमन सर्व्हे ऑफिसर' नेमलं. काम काय, तर हे लोक कोण, किती, कसे जगतात ते बघून अहवाल द्या. हा गडी कचेरीत बसला नाही. ग्वी लोकांत जाऊन राहिला, त्यांची टिचक्यांची भाषा शिकला. त्यानं पाहिलं की पश्चिमेला घान्झीकडे गोऱ्यांचे गुरांचे फार्म वाढत चाललेत, कुंपणं पडताहेत, आणि शिकार करून, कंदमुळं खाऊन राहणाऱ्या माणसांच्या पायाखालची जमीन सरकतेय. त्यानं सुचवलं की मधला मुलूख यांच्यासाठी राखून ठेवा.

आता अडचण कायद्याची. माणसांसाठी मुलूख राखून ठेवायची तरतूद त्या वसाहतीत नव्हती. जनावरांसाठी होती. मग खटपट अशी झाली, की १९६१ मध्ये तो सगळा मुलूख 'गेम रिझर्व्ह' म्हणून जाहीर केला. कागदावर हरणांसाठी, मनात माणसांसाठी. सरकारी नोकरी केलेल्या माणसाला हे लगेच कळेल. ज्या हेडखाली पैसे मिळतात त्या हेडखाली मागणी टाकायची! त्या दिवशी ती युक्ती चांगलीच होती. पण फाइलवर हेतू राहत नाही, शीर्षक राहतं. वीस-पंचवीस वर्षांनी नवा अधिकारी येतो, फाइल उघडतो, वर लिहिलेलं असतं 'वन्यप्राणी'. तो विचारतो, मग इथे माणसं काय करताहेत?

अगदी तसंच झालं. १९६६ मध्ये देश स्वतंत्र झाला. दुसऱ्याच वर्षी ओरापाला, रिझर्व्हच्या बाहेर, हिरे सापडले आणि जगातल्या गरीब देशांत मोजला जाणारा बोट्स्वाना बघता बघता वर आला. सरकार भ्रष्ट नव्हतं, शाळा-दवाखाने खरोखर बांधले गेले. १९८६ मध्ये त्यांनी ठरवलं की रिझर्व्हमधल्या लोकांना बाहेर वसवावं. त्यांचं म्हणणं असं, की या लोकांकडे आता घोडे, गाढवं, कुत्री, शेरडं आली आहेत, ते पूर्वीसारखे उरलेले नाहीत. आणि मूठभर माणसांसाठी शेकडो किलोमीटरवर पाण्याचे टँकर न्यायचे, त्यापेक्षा गावात आणून शाळा द्यावी हे बरं. हे म्हणणं मी उडवून लावणार नाही. सीमेवरच्या ढाण्यांना पाणी पोचवायचा खर्च मी पाहिलाय.

पण करायची पद्धत बघा. १९९७ मध्ये झाडे या वस्तीतले लोक ट्रकमध्ये घालून बाहेर 'न्यू झाडे' नावाच्या जागी नेले. २००२ मध्ये आत उरलेल्यांचं पाणी तोडलं. मोथोमेलो इथल्या बोअरवेलचा पंप बंद केला, साठवलेलं पाणी ओतून दिलं. वाटाड्या तेव्हा पंचविशीतला होता. तो म्हणाला, "रा, त्सामा असेपर्यंत आम्ही राहिलो." त्सामा म्हणजे तिथलं रानटी कलिंगड. माणसं आणि हरणं दोघंही त्याच्यावर पाण्याची तहान भागवतात. आपल्याकडे थरमध्ये मतिरा होतो ना, त्याच जातीचं. फक्त त्सामा वर्षभर मिळत नाही.

लोक कोर्टात गेले. रॉय सेसाना आणि इतर विरुद्ध सरकार. त्या देशाच्या इतिहासातला तोवरचा सर्वांत लांबलेला आणि खर्चिक खटला. निकाल १३ डिसेंबर २००६ रोजी लागला, तीन न्यायाधीशांत दोन विरुद्ध एक. लोकांना त्यांच्या जमिनीवरून चुकीच्या रीतीनं काढलं, त्यांना आत जायला परवाना मागणं बेकायदा, असं कोर्टानं सांगितलं. आणि त्याच निकालात हेही, की पाणी वगैरे सोयी पुन्हा सुरू करायला सरकार बांधील नाही. म्हणजे घर तुमचं, पण नळ नाही! बोअरवेल स्वतःच्या खर्चानं वापरायची परवानगी मिळायला वरच्या कोर्टाचा २०११चा निकाल यावा लागला. मधल्या काळात गोपे या ठिकाणी, रिझर्व्हच्या आतच, हिऱ्यांच्या खाणीची तयारी चालू होती. ती २०१४ मध्ये सुरू झाली आणि २०१७ मध्ये बंदही पडली. लोकांना हलवण्याचा आणि हिऱ्यांचा काही संबंध नाही, असं सरकार पहिल्यापासून सांगत आलंय. जावयाला विचारलं तर तो म्हणाला, बाबा, माझं काम हिशेबाचं.

आता आपल्या माळावर या.

सोलापूर जिल्हा म्हणजे अवर्षणाचा प्रदेश. दगडी माळ, कुसळी गवत, मध्येमध्ये काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी. मालदांडी ज्वारीचं पस्तीस-एक हे वाण आमच्या मोहोळच्याच संशोधन केंद्रातलं, हे जाता जाता अभिमानानं सांगतो. माळढोकाला नेमका असाच मुलूख लागतो. झाड नको, कुंपण नको, चहूकडे नजर जायला हवी. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्यावर, जमिनीवर. टोळ, नाकतोडे, पडलेली ज्वारी, भुईमूग हे त्याचं खाणं. म्हणजे हा पक्षी शेतकऱ्याच्या आणि धनगराच्या मुलखातच राहणारा. माणसाला पूर्ण टाळून तो कधी जगलेलाच नाही.

१९७२च्या दुष्काळाच्या सुमारास उत्तर सोलापूर तालुक्यातल्या नान्नजला हे पक्षी आहेत याची नोंद झाली. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून वनखात्यानं तिथे काही माळ राखले, गवत वाढलं, पक्षी येऊ लागले. इथवर सगळं छान होतं. काहीशे हेक्टरचं काम, गावकरी ओळखीचे.

मग १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. किती मोठं? ८,४९६ चौरस किलोमीटर. कलहारीपुढे सहावा हिस्सा म्हणाल, पण कलहारी ओसाड आहे. इथे उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा, तिकडे नगरचे कर्जत, श्रीगोंदा असे तालुकेच्या तालुके, त्यातली गावं, बाजारपेठा, सगळं आत! मी नकाशे वाचण्यात आयुष्य घालवलंय. तोफखान्यात नकाशावर दोन मिलिमीटर चुकलं तर गोळा आपल्याच माणसांवर पडतो. तो अभयारण्याचा नकाशा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, हा निशाण्याचा नकाशा नव्हे, कुणीतरी पेन्सिल आडवी धरून फिरवली आहे.

वन्यजीव कायदा १९७२चा. त्यातलं विसावं कलम असं, की अभयारण्याची अधिसूचना निघाली की आतल्या जमिनीवर नवा हक्क निर्माण होऊ शकत नाही, वारसाहक्क सोडून. साध्या मराठीत सांगायचं तर बाप मेला तर जमीन मुलाच्या नावावर होईल, पण बाप जिवंतपणी विकू शकणार नाही. मग जिल्हाधिकाऱ्यांनी चौकशी करायची, कुणाचे काय हक्क ते ठरवायचे, मोबदला द्यायचा. इतक्या लाखो लोकांचे हक्क कोण ठरवणार? वर्षानुवर्षं काही झालं नाही. काही काळ लोकांना पत्ताच नव्हता की आपण अभयारण्यात राहतो. जेव्हा खरेदीखतं अडू लागली, कारखान्याला आणि रस्त्याला परवानगी नाकारली जाऊ लागली, तेव्हा कळलं.

माझ्या वडिलांना कळलं ते माझ्या बहिणीच्या लग्नाच्या वेळी. चार एकर विकायचे ठरले, गिऱ्हाईक ठरलं, विसार घेतला आणि कचेरीतून कागद परत आला. वडील पोस्टात नोकरीला होते, सरकारी कागदाला मान देणारा माणूस. ते मला फक्त एवढंच म्हणाले, "अरे, मी त्या पक्ष्याला कधी दगड मारला नाही." माझ्या पगारातून आणि काकांच्या उसनवारीतून लग्न पार पडलं. पण गावात त्या पक्ष्याचं नाव शिवी झालं ते तेव्हापासून.

आणि गंमत बघा. १९७९ मध्ये रेघ ओढली, १९८०च्या सुमारास उजनी धरण पुरं झालं. एका हातानं सरकारनं माळ राखला, दुसऱ्या हातानं त्यावर पाणी सोडलं. पाणी आलं तशी ज्वारी गेली, ऊस आला, द्राक्षं आली. ऊस डोक्याच्या वर वाढतो, माळढोकाला त्यात उभंही राहता येत नाही. मी धरणाच्या विरुद्ध नाही, आमच्या घरात पाणी त्याच्यामुळे आलं. पण एकाच सरकारची दोन खाती एकमेकांचे नकाशे बघत नव्हती, हे नोंदवून ठेवायला हवं.

सीमा बदलायची तर आणखी अडचण. नोव्हेंबर २०००च्या आदेशानं सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय कुठल्याही अभयारण्याचं क्षेत्र कमी करता येईना. त्यामुळे सोलापूरच्या माळाची फाइल दिल्लीत आली, आणि सुट्टीत करोल बागेतल्या सासुरवाडीला आलो की मला गावाकडून फोन. "बापू, तू दिल्लीत आहेस, जरा बघ." त्यांना वाटायचं कर्नल म्हणजे कुणीतरी मोठा. मी एकदोन ठिकाणी चहा प्यायलो, यापलीकडे काही करू शकलो नाही. अखेर तीन दशकांहून जास्त काळानं क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. सातवा हिस्सा. सहा हिस्से जमीन इतकी वर्षं उगाच बांधून ठेवली होती, असा त्याचा सरळ अर्थ.

तोवर पक्षी? आज नान्नजला एखादा माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते.

मध्य प्रदेशात करेरा, जुन्या ग्वाल्हेर संस्थानाच्या मुलखातलं गाव. तिथे १९८१ मध्ये याच पक्ष्यासाठी अभयारण्य केलं. तिथेही बरीचशी खाजगी जमीन, तिथेही विक्रीला बंदी, तिथेही लोकांचा राग. नव्वदच्या दशकात तिथून माळढोक संपला. बंदी मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षं चालू राहिली. पक्षी नाही आणि पक्ष्याचं अभयारण्य आहे!

देशभरात मिळून आता दीडशेहून कमी माळढोक उरलेत असं मानतात, बहुतेक सगळे जैसलमेरकडे. काही डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये, आणि काही, ऐकून आश्चर्य वाटेल, पोखरणच्या फायरिंग रेंजमध्ये. आमच्या तोफांच्या छायेत. नव्वदच्या दशकात ओपीवर बसलो असताना दुर्बिणीत मला दोन गोडावण दिसले होते. वीस मिनिटं फायर थांबलं होतं. आता इथे छाती पुढे काढून सांगता येईल, की फौजेनं पक्षी वाचवले. खरं सांगतो, आम्ही वाऱ्यानं उडालेली धूळ बसायची वाट बघत होतो. पक्षी तिथे टिकले याचं कारण रेंजमध्ये नांगर, विजेच्या तारा आणि मोकाट कुत्री कमी. तारांना धडकून हे जड पक्षी मरतात, बाजूला त्यांना नीट दिसतं, समोरचं उशिरा दिसतं. त्या तारांवरूनही सर्वोच्च न्यायालयात २०२१ पासून आदेश चालू आहेत.

कलहारीत तारांचं असंच आहे, फक्त त्या कुंपणाच्या. १९५८ मध्ये गुरांचा लाळ्या-खुरकत रोखायला कुके कुंपण घातलं, रिझर्व्हच्या उत्तर सीमेला लागून. मांस युरोपला विकायचं तर ते हवंच होतं. पण दुष्काळात विल्डबीस्टचे कळप पाण्याकडे निघाले, तारेला येऊन अडले आणि हजारोंनी मेले. म्हणजे पंजाबाएवढं रिझर्व्ह असूनही जनावरं मेली, कारण पाणी रेघेच्या बाहेर होतं.

हे सगळं मी आमच्या गल्लीतल्या एका गलाईवाल्यांना सांगत होतो. करोल बागेत, बीडनपुऱ्यात आणि रेगरपुऱ्यात, सोनं गाळणारी आपली विटा-आटपाडीकडची बरीच माणसं आहेत, तुमच्या शहरातही असतील. ते म्हणाले, "आम्हाला कुणी उठवलं नाही साहेब, पावसानं उठवलं." मग थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, इथे आधी कोण होतं? मला तेव्हा माहीत नव्हतं, नंतर वाचलं. नवी दिल्ली बांधताना, १९२०च्या दशकात, आजच्या कॅनॉट प्लेसच्या जागी माधोगंज, जयसिंगपुरा, राजा का बाजार अशी गावं होती. ती उठवली आणि तिथले लोक करोल बागेत आणून टाकले. म्हणजे ही वस्तीच मुळात 'न्यू झाडे'. शेजारच्या रिजवर तुघलकांच्या काळातलं भूली भटियारीचं शिकारखान्याचं बांधकाम अजून उभं आहे. मी सकाळी फिरायला तिकडेच जातो. आता तिथे विलायती कीकर आणि माकडं.

कलहारीच्या गोष्टीत एक भर घालायची राहिली. डिसेंबर २०२१ मध्ये रिझर्व्हमधला एक वृद्ध वारला. त्याला आपल्या वाडवडिलांच्या जागी, रिझर्व्हच्या आत पुरावं, अशी घरच्यांची मागणी. सरकारनं नकार दिला, कोर्टांनीही नकार दिला. प्रेत शवागारात पडून राहिलं, जवळजवळ तीन वर्षं. २०२४च्या शेवटी तिथे सरकार बदललं. नवे राष्ट्राध्यक्ष डुमा बोको हे एके काळी याच लोकांची बाजू मांडणारे वकील. त्यांनी परवानगी दिली आणि त्या डिसेंबरात त्याला रिझर्व्हमध्ये पुरलं. वाटाड्यानं मुलीच्या फोनवर निरोप पाठवला होता, रा ला सांग म्हणून.

माझ्या वडिलांची जमीन नव्या रेघेच्या बाहेर आली. विकायला मोकळी झाली तेव्हा ते जाऊन तीन वर्षं झाली होती. कायद्यानं सांगितल्याप्रमाणे वारसाहक्कानं ती माझ्या आणि बहिणीच्या नावावर होती. आम्ही विकली नाही, चुलतभाऊ कसतो, सात एकर ऊस आणि बाकी द्राक्षं. वरचा दगडी तुकडा तेवढा तसाच पडलाय. गेल्या जानेवारीत गेलो तेव्हा काकांना घेऊन तिथवर चाललो. काका सत्त्याऐंशी वर्षांचे. मी विचारलं, "काका, हूम शेवटचा कधी ऐकलात?" त्यांनी बराच वेळ विचार केला. साल आठवेना. म्हणाले, "विहिरीवर मोटर बसली नव्हती बघ तेव्हा. रात्री आवाज यायचा."